भांगाचे दिवस

दांडी, साखरबाई तांडेल यांच्या पडवीतून
मंगळवार, १८ जानेवारी १९९४

नरहरीदादा,

नमस्कार पोचव, स्वतःला आणि शालूवहिनीला. आधी पोस्टकार्ड घेतलं होतं, पण बोईसर स्टेशनवरून इथवर कसा आलो एवढ्यातच ते संपलं. म्हणून हे आंतर्देशीय. तो प्रवास पुन्हा लिहीत नाही. वाटेत एकाच्या सायकलवर एवढं मोठं घड्याळ बांधलेलं होतं, ते कुणाचं हे विचारत मी उलट दिशेला वाणगावपर्यंत गेलो, एवढंच.

तर काम. मला समजलंय ते असं, चुकत असेल तर कळव. कोळंबीच्या कंपनीला खाडीकाठच्या खाजणातली स्वतःची तळी चौपट करायचीत. मग त्यांची बार्जं खाद्याच्या गोण्या घेऊन इथल्या दगडी धक्क्याला लागणार, आणि कोळंबी बर्फात घालून ट्रक इथल्याच रस्त्याने बोईसरला जाणार. आज धक्क्याला होड्या किती लागतात नि रस्त्याला गाड्या किती असतात ते मी आठवडाभर मोजायचं. म्हणजे तुझ्या साहेबांना कळेल, आणखी किती मावतात ते.

पण दादा, मोजू काय? धक्क्यावर कुत्री झोपलीत. होड्या सगळ्या खाडीत एकमेकींना टेकून उभ्या. माणसं सावलीत बसून जाळी शिवतात नि एकमेकांच्या बायकांवरून चेष्टा करतात. काल एक बर्फाचा ट्रक आला. मी पळत जाऊन लिहून घेतला, तर तो वाट चुकलेला, त्याला डहाणूला जायचं होतं. तो मोजायचा की नाही?

मी साखरबाईंना विचारलं, "मावशी, तुमची माणसं दर्यावर जात नाहीत का?"

त्या बोंबील उलटत होत्या. म्हणाल्या, "भांग हाय ना, बाबा. भांगात कोन जातंय? जाल्यात काय गावनार, पानी?"

 बाई माणूस एवढं उघड बोलते आणि शेजारी सासरा बसलाय. इकडे भांगेला पुल्लिंगी करतात असं दिसतं. आपल्याकडे महाशिवरात्रीला चोरून पितात, हे भर दुपारी सांगतात. कारण म्हणून लिहू का हे?

तुझा,
बन्सी

---

मुंबई, शुक्रवार, २१ जानेवारी १९९४

चि. बन्सी,

आशीर्वाद आहेतच, ते पत्रागणिक लिहायला नकोत.

तुझं पत्र ऑफिसात आलं आणि साहेबांच्या टपालात गेलं. यापुढे घरच्या पत्त्यावर लिही. घड्याळ, सायकल, वाणगाव हे सगळं वाचून साहेब मला म्हणाले, तुमचा भाऊ कादंबरी लिहितोय का?

तुला समजलंय ते बरोबर आहे. वाट चुकलेला ट्रक मोजायचा. रस्त्यावरून गेला ना? मग झालं. आणि कारण जरूर लिही. उजवीकडचा 'शेरा' असा रकाना त्यासाठीच आहे. तू स्वतःचं डोकं घालू नकोस. लोक म्हणतात तो शब्द लिही. भांग तर भांग.

मला नवल नाही वाटलं. आपल्या जिंतूरच्या मठात पडलेले पाहिलेच आहेत आपण. पण अख्खं गाव?

बन्सी, आयटीआय तू सोडलंस, बोईसरच्या दोऱ्याच्या कारखान्यातून तीन आठवड्यांत उठलास, मी काही बोललो नाही. हे काम मात्र नीट कर. माझं नाव आहे यात. सहा वर्षं टेंपररी टायपिस्ट म्हणून काढलीत. हा रिपोर्ट नीट गेला तर कायम करतो असं साहेबांनी तोंडाने सांगितलंय. मग मोठी खोली घेता येईल आणि आईला इकडे आणता येईल. आई तिकडे एकटी चूल फुंकते, हे तुला सांगायला नको. तुझी आत्या असून तुला तिनेच वाढवलंय.

वहिनी विचारते, जेवणाचं काय करतोस.

नरहरी

---

दांडी, सोमवार, २४ जानेवारी १९९४

नरहरीदादा,

आठवडा संपला. कागद सोबत पाठवतोय, वेगळ्या पाकिटात, साहेबांच्याच पत्त्यावर. ही कादंबरी तुझ्या घरी.

शेऱ्याच्या रकान्यात रोज भांग लिहिलं. बुधवारी "भांग लागला" असं म्हणाले, म्हणून तसं लिहिलं. गुरुवारी "भांग चांगलाच हाय", तेही लिहिलं. कुणाकुणाला विचारलं, सगळ्यांचं उत्तर एकच. लाज नाही, लपवाछपवी नाही. म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत.

पण मला एक कळत नाही. झुलताना कुणी दिसत नाही. डोळे लाल नाहीत. साखरबाईंचा दीर देवू हा एका होडीचा तांडेल, म्हणजे होडी त्याच्या हुकमाने चालते. तो दिवसभर जाळ्याचं एवढंसं भोक एवढ्याशा सुईने शिवतो आणि मान वर करत नाही. नशेत माणसाला सुईत दोरा ओवता येतो का? मी एकदा त्याच्या जवळ बसून वास घेतला. फक्त जवळ्याचा वास आला. तो म्हणाला, "काय रं, कुत्र्यागत हुंगतंस?"

शनिवारी दुपारी मी बोईसरला गेलो होतो. सर्कसचा तंबू लागलाय असं ऐकलं, गेलो तर तंबू काढत होते. हत्ती मात्र पाहिला, ट्रकात चढत नव्हता. त्या दुपारचं साखरबाईंना विचारून लिहिलं. त्या म्हणाल्या, "शून्य लिव. भांगात दुसरा काय आसनार?"

मी परवा निघणार होतो, पण देवू म्हणतो, "आता खरी मज्जा येल, थांब जरा." कसली ते सांगत नाही. थांबतो. जेवण साखरबाईंकडेच आहे असं वहिनीला सांग.

बन्सी

---

मुंबई, शनिवार, २९ जानेवारी १९९४

चि. बन्सी,

तू मला वर काढलंस. कागद पाहून साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी अनेक ठिकाणी अशी कामं केलीत, पण एवढा रिकामा धक्का पाहिला नाही म्हणाले. शेऱ्याचा रकाना वाचून विचारलं, "नरहरी, हे भांग काय आहे?" मी सगळं समजावून सांगितलं. घोटतात कशी, दूध, बडीशेप, मिरे, दोन दोन दिवस माणूस कसा उठत नाही. साहेब लिहून घेत होते. सहा वर्षांत मला कुणी खुर्ची दिली नव्हती, परवा दिली.

रिपोर्टातलं वाक्य मीच टाइप केलं, म्हणून पाठ आहे: 'स्थानिक मच्छीमारांमध्ये भांगेचे व्यसन सार्वत्रिक असल्याने धक्क्याचा व रस्त्याचा वापर नगण्य आहे.' त्याखाली शिफारस आहे. धक्क्याची समोरची सगळी बाजू बारमाही कंपनीच्या बार्जांसाठी राखून ठेवावी. गावाच्या होड्यांनी मागे चिखलाच्या बाजूला लागावं. ट्रकांच्या फेऱ्यांना अडचण नाही.

पुढच्या महिन्यात गावात सभा आहे. तिथे हे वाचून दाखवायचं, पंचायतीची सही घ्यायची, संपलं.

आईला कार्ड टाकलंय की बन्सी शहाणा झाला.

नरहरी

---

दांडी, सोमवार, ३१ जानेवारी १९९४

दादा,

तुझं पत्र आज आलं. ते येण्याआधी काय काय झालं ते सांगतो, मग बाकीचं. माझं डोकं ठिकाणावर नाही, पुढचं मागे झालं तर नीट लावून घे.

मागच्या बुधवारी उठलो तर खाडीत एकही होडी नाही. मला वाटलं चोरी झाली. दुपारी पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत चढलं आणि त्या पाण्यावरून सगळ्या होड्या एकदम आत आल्या. एक लागतेय तोवर दुसरी तिच्यावर, तिसरीतून माणसं दोन होड्या ओलांडून पाट्या आणतायत. पाटी म्हणजे डोक्यावर न्यायची टोपली. बायका ओरडतायत, बर्फ फोडतायत, टेम्पो उलटे लागतायत, सायकली, छकडे, मध्येच एसटी अडकलेली आणि कंडक्टर खाली उतरून बोंबील घेतोय. माझ्या पायाला भुईच लागेना. मी कुणाच्या तरी पाटीला हात दिला तो संध्याकाळपर्यंत सोडता आला नाही. गुरुवारी तेच. शुक्रवारी जास्त. हेच ते गाव का, म्हणून मी दोनदा नावाचा फलक वाचून पाहिला.

मी समजलो, भांग संपली असेल.

काल देवू खुशीत होता. मला वाटलं आता मागायला हरकत नाही. म्हटलं, "देवूदादा, पुढच्या वेळी मलाही द्या की थोडी भांग. मी कुणाला सांगणार नाही."

"काय देऊ?"

"भांग. तुम्ही सगळे घेता ती."

त्याने हातातली सुई खाली ठेवली. मग त्याने साखरबाईंना हाक मारली, "भावजय, ये गं ये! ह्याला भांग पायजेल. पेल्यात दिऊ का वाटीत?"

सगळी गल्ली जमली. कुणी म्हणालं, वर चांदोबाकडं माग. साखरबाईंनी माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आदी डोक्याचा भांग सरल पाड, मंग दर्याचा माग."

दादा, भांग ती नाही. भांग तो. अष्टमीच्या आसपास समुद्राच्या पाण्याला जोर नसतो, भरती थोडी, ओहोटी थोडी, त्याला हे लोक भांग म्हणतात. यांची जाळी पाण्याच्या ओढीवर फुगतात. ओढ नाही तर मासा नाही, म्हणून घरी बसून जाळी शिवायची. मग पुनवेला नि अवसेला उधाण येतं, तेव्हा ही जत्रा. दर पंधरवड्याला असंच. मी मोजायला बसलो ते नेमकं भांगाच्या आठवड्यात. साहेबांचा आठवडा सोमवारी सुरू होतो, यांचा चंद्रावर.

एवढं कळून मी हसतच होतो. पोरं मला भांग्या म्हणायला लागली, त्याचंही काही वाटलं नाही. आणि आज तुझं पत्र आलं.

रिपोर्ट परत घे. ते वाक्य काढ. समोरची बाजू गेली तर ह्या होड्या लागणार कुठे? चिखलाच्या बाजूला मी उभा राहून पाहिलं, मांडीपर्यंत गेलो, एक चप्पल अजून तिथेच आहे.

बन्सी

---

मुंबई, शनिवार, ५ फेब्रुवारी १९९४

बन्सी,

पत्र वाचलं, दोनदा. वहिनीलाही दाखवलं नाही.

रिपोर्ट शिवून झाला, निळं कव्हर लागलं, कंपनीकडे गेला. आता मी साहेबांपुढे जाऊन काय सांगू? की खुर्चीवर बसून दूध-बडीशेपेचं सांगितलं ते सगळं माझ्या मनाचं? तू फक्त शब्द लिहिलास. अर्थ मी लावला. विचारलं तेव्हा 'माहीत नाही' म्हणता आलं असतं, पण सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी मला काही विचारलं होतं.

आणि तू खोटं मोजलंस का? नाही ना? आठवडाभर धक्का रिकामा होता की नव्हता? मग वाक्य एक चुकलं म्हणून आकडे चुकत नाहीत. मी स्वतःला हेच सांगतोय, तूही सांग.

तू उद्या तिथूनही उठून कुठेतरी जाशील. मला इथेच बसायचं आहे. कायमचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे, सभा पार पडली की सही होईल. आईने कार्डाला उत्तर पाठवलंय, बरणीत लोणचं घालू का, तिकडे ठेवायला जागा आहे का, असं विचारतेय.

सभेची तारीख कळव. साहेबांनी ते माझ्यावर सोपवलंय. त्यांना गर्दी, आरडाओरडा नको. लोक निवांत घरी असतील असा दिवस बघून लिही. वेळ दुपारी बाराची, त्यांना मुंबईहून यायचंय.

नरहरी

---

दांडी, गुरुवार, १० फेब्रुवारी १९९४

दादा,

तीन दिवसांत तीन पत्रं फाडली. एकात तुला शिव्या होत्या, एकात माझ्या मलाच होत्या, तिसऱ्यात नुसतीच आत्याच्या लोणच्याची आठवण निघाली आणि पत्र भरलं.

तुझा प्रश्न मी दिवसभर घोळवतोय. खोटं मोजलं नाही, हे खरं. जे होतं तेच लिहिलं. तरी ते खोटं कसं झालं? झोपलेल्या माणसाकडे बघून हा चालतच नाही असं लिहिलं तर ते खोटं की खरं? मला शाळेत कधीच नीट कळलं नाही, इथेही कळत नाही.

साखरबाईंना मी सांगितलं. लपवून त्यांच्या ताटात जेवता येईना. रिपोर्टात काय लिहिलंय ते ऐकून त्या आधी खूप हसल्या. शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "आगं, आपन नशेबाज हाव, मुंबईच्या कागदात आलाय!" मग चिखलाच्या बाजूचं सांगितलं तेव्हा हसणं थांबलं.

"मंग आमी पाट्या उतरवू कुठं?" त्या म्हणाल्या. "तुज्या डोक्यावर?"

मी म्हटलं, मावशी, माझी चूक झाली.

"चूक जाली ती जाली. माजी होरी त्या चिकलात आडकली तं मासा नासतोय, सरतोय, बाबा. सरलेला मासा कोनी तुजी चूक म्हून इकत घेनार हाय?"

मग जेवायला वाढलं. रोजच्यापेक्षा कमी नाही. ते मला जास्त लागलं.

तारीख विचारलीस. २८ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी बारा. सगळे धक्क्यावरच भेटतील. एकही माणूस झोपलेला सापडणार नाही, साहेबांना सांग.

आत्याला मी वेगळं लिहीन.

बन्सी

---

मुंबई, बुधवार, १६ फेब्रुवारी १९९४

बन्सी,

२८ तारीख पक्की. नोटीस टाइप करून पंचायतीला पाठवली. मी येत नाही, साहेब आणि कंपनीचे एक गृहस्थ येतील. तू त्यांच्यापुढे पुढे पुढे करू नकोस.

वहिनी विचारते, चप्पल सापडली का. तुझं ते पत्र तिला सापडलं.

नरहरी

---

दांडी, सोमवार, २८ फेब्रुवारी १९९४, संध्याकाळ

नरहरीदादा,

साहेब मुंबईला पोचायच्या आत हे पोचणार नाही, पण लिहितो.

जीप गावाच्या तोंडाशी आली आणि थांबली. पुढे बर्फाचा ट्रक, मागे टेम्पो, त्यामागे आणखी टेम्पो. ड्रायव्हरने भोंगा दाबला. तशी एका बाईने पाटी थेट जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि कमरेला हात लावून त्याच्याकडे बघत उभी राहिली. साहेब खाली उतरले. बूट बर्फाच्या पाण्यात गेले. कंपनीचे गृहस्थ उतरलेच नाहीत, काचा वर करून बसले.

साहेब तसेच चालत धक्क्यावर आले. निळं कव्हर काखेत. उधाणाचं पाणी वर आलेलं, होड्या एकावर एक. साहेबांना उभं राहायला जागा मिळेना, तर कुणीतरी त्यांना बाजूला सरकवलं, "सरा वो काका, ओलं व्हाल." सरपंच स्वतः पाट्या वाहत होते. साहेब म्हणाले, "सभा आहे ना?" सरपंच म्हणाले, "हाय ना. पानी उतरंल तवा. बसा तवर." पण बसणार कुठे?

मी तुझं ऐकून पुढे पुढे केलं नाही, खांबाआड होतो. त्यांनी मला बघितलंच. हाक मारली. मी खांबाआडून बाहेर आलो. त्यांनी कव्हर उघडलं, ते पान काढलं, आणि मला नाही, शेजारून पाटी नेणाऱ्या देवूला विचारलं, "आज भांग नाही का?"

देवू म्हणाला, "आज उधान हाय, सायब. भांगाला आजून पाच दिस."

साहेबांनी ते पान पुन्हा वाचलं. काय कळलं, किती कळलं, माहीत नाही. मग त्यांनी मला विचारलं, "ट्रक इथून वळतो कसा?" मी म्हटलं, वळत नाही, साहेब. ते खिशातून पेन काढून काहीतरी लिहायला लागले, आणि एक पाटी त्यांना घासून गेली, पानावर पाणी सांडलं. सभा झालीच नाही. वाचलं काहीच नाही, सही कुणी मागितली नाही. पायीच जीपपर्यंत गेले. रागावले होते का? मला कुणाचा राग चेहऱ्यावरून कधी ओळखता आला नाही, तुझाही नाही.

दादा, तारीख मी मुद्दाम दिली. तू निवांत दिवस मागितला होतास, मी पुनवेनंतरचा तिसरा दिवस दिला. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मग मला तुझं ऐकावं लागलं असतं. तुझा कागद अडला तर तो माझ्यामुळे. आत्याला मी स्वतः जाऊन सांगतो, तू लिहू नकोस.

बन्सी

---

मुंबई, शुक्रवार, ४ मार्च १९९४

चि. बन्सी,

आईला काही सांगायला जाऊ नकोस. तिला मी लिहिलंय, लोणचं घाल, पण घाई नको.

साहेबांनी मंगळवारी मला आत बोलावलं. खुर्ची होती, पण बस म्हणाले नाहीत. कंपनीकडे गेलेला रिपोर्ट परत मागवलाय. मोजणी पुन्हा होणार, अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतचा अख्खा पंधरवडा, धक्काही आणि रस्ताही. तोवर शिफारस रद्द. कायमचा माझा कागद टेबलावर होता तो खणात गेला. खणाला कुलूप लावलेलं मी पाहिलं नाही, एवढंच.

ते म्हणाले, मोजायला दोन माणसं लागतील, एक तुझा भाऊ आणि एक तू. खुर्चीत बसून गावाचं सांगितलंस ना, आता गावात बसून सांग. तेव्हा मी गुरुवारी येतोय. साखरबाईंना विचार, पडवीत आणखी एकाची जागा आहे का. वहिनी सतरंजी देतेय. माळ घातलेली आहे, मासे खात नाही, हे त्यांना तूच सांग. माझ्याने व्हायचं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, तारीख कुणी ठरवली. मी म्हटलं, बन्सीने कळवली, मी टाइप केली. ते खरंच आहे. पण तुला पुरतं सांगतो, कारण तू सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसला असशील. तुझं पत्र आलं तेव्हा मी नोटिशीचा कागद मशीनला लावला आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पंचवीसच्या चौकोनात पौर्णिमेचा पांढरा गोळा होता. मी उठलो, माठातलं पाणी प्यायलो, परत येऊन बसलो आणि अठ्ठावीस टाइप केली.

नरहरी